पाच हजारांच्या आतली माशी

मा. पर्यावरण मंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस,

स. न. वि. वि.

पोल्ट्रीच्या माश्यांची तक्रार दिली तेव्हा 'आठ दिवसांत पाहणी करू' असं उत्तर आलं. उन्हाळ्यात तेवढ्या दिवसांत अंड्याची माशी होते. आता तिसरी पिढी उडतेय, पाहणी अजून अंड्यातच आहे.

साहेब, ब्रॉयलर (मांसाची कोंबडी) स्वस्त का, ते बघा. पाच हजार पक्ष्यांची बॅच चाळीस दिवसांत सव्वादोन किलोला येते, साधारण अठरा टन खाद्य खाते. करारावरच्या पोल्ट्रीत पिल्लं, खाद्य, औषधं कंपनीची. शेड, तूस, वीज, मजुरी शेतकऱ्याची. लिफ्टिंगनंतर, म्हणजे कंपनीने पक्षी उचलून नेल्यावर, उरलेलं सात-आठ टन लिटरही (विष्ठा मिसळलेलं तूस) त्याच्याच गळ्यात. मर शेकडा चार-पाच धरली तरी दोनशे-अडीचशे मेलेले पक्षी. झाकणाच्या खड्ड्यात चुना टाकून पुरले तर ठीक, नाहीतर ओढा आहेच.

लिटर बिघडतं कसं? पक्षी वाढेल तशी निपलची (पाणी प्यायच्या तोट्यांची) लाइन वर घ्यावी लागते. खाली राहिली की पाणी तुसावर गळतं. मूठभर लिटर दाबून सोडा, मोकळं झालं तर कोरडं, गोळा राहिला तर ओल. थंडीत उबेचा गॅस वाचवायला पडदे बंद, मग अमोनिया कोंडतो. दहा लाखांत 25 भागांच्या वर गेला की पक्ष्याचे डोळे, श्वासनलिका सोलवटतात, मागून सीआरडी (श्वसनाचा जुनाट रोग), ई-कोलाय जंतूचा संसर्ग. लिटर खालीवर करायला मजूर लागतो, अँटिबायोटिकला पाण्याची टाकी पुरते. माणसांसाठी अखेरचा उपाय म्हणून राखलेलं कोलिस्टिनही खाद्यात जायचं. केंद्राने ते जुलै 2019 मध्ये बंद केलं. बाकीच्या औषधांचं काय? विक्रीआधीचे औषध थांबवायचे दिवस पाळले की नाही, हे लिफ्टिंगच्या गाडीजवळ उभं राहून कोण विचारतं?

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या सुधारित नियमावलीत पोल्ट्रीला प्रदूषण मंडळाची संमती घ्यायची अट पाच हजार पक्ष्यांपासून पुढे. म्हणजे दहा जणांची 4,900 ची दहा शेडं एकाच शिवारात उभी राहिली तरी कागदावर सगळे लहान! ओढा मात्र 49 हजारांचा. माशीला हा आकडा कोणी कळवला नसावा.

आणि रोग आला की? फेब्रुवारी 2006 मध्ये नवापूरला बर्ड फ्लू आला, लाखो कोंबड्या माराव्या लागल्या. भरपाई सरकारी तिजोरीतून, म्हणजे कधी चिकन न खाणाऱ्याच्याही खिशातून. 'स्वस्त' कोणाला म्हणायचं मग?

मागणं मोठं नाही. पक्षी मालकवार न मोजता शिवारवार मोजा. लिटर आणि मर उचलायची जबाबदारी करारातच कंपनीवर घाला. पिल्लं देणाऱ्या गाडीला परतीचा रस्ता माहीत असतोच. लिटरच्या ढिगावर ताडपत्री सक्तीची करा: ओल पन्नास टक्क्यांच्या वर गेली की अळी पडते, तीस टक्क्यांच्या खाली राहिली तर नाही. ताडपत्रीसाठी तरी समिती नेमू नका.

पाहणीला याल तर दुपारच्या जेवणाच्या वेळेला या.

आपला,
एक शेडवाला