झोपाळ्याची चावी कोणाकडे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सर्वसमावेशक उद्यानाच्या उद्घाटनाचा फोटो आपल्या अंकात पाहिला. फीत, मान्यवर, आणि मधोमध व्हीलचेअरसकट चढता येईल असा झोपाळा. फोटो चांगला आला आहे. विनंती एवढीच, की सहा महिन्यांनी छायाचित्रकाराला पुन्हा तिथेच पाठवावे.

माझा नातू नऊ वर्षांचा आहे आणि व्हीलचेअर वापरतो. आम्ही नेहमी जातो त्या बागेतही असाच झोपाळा आहे. त्याला कुंपण, कुंपणाला फाटक, फाटकाला कुलूप. चावी माळ्याकडे असते, माळी दुपारी घरी जातो आणि आम्ही जातो संध्याकाळी. एकदा सुट्टीच्या दिवशी सकाळी त्याला गाठले, तर म्हणाला, "आजोबा, चावी ऑफिसात जमा केली. मोठी पोरं लोंबकळून साखळ्या तोडतात." तो खोटे बोलत नव्हता. खुर्चीसकट माणूस पेलणारा लोखंडी पाट जड असतो. हलत असताना मध्ये एखादे मूल आले तर जबर लागेल, म्हणून कुंपण लागतेच. तिसऱ्या खेपेला कुलूप उघडले खरे, पण बाकीच्या मुलांना आत सोडायचे नाही असा नियम निघाला. नातवाने विचारले, "आबा, मग मला झोका देणार कोण?"

मी दिला झोका, पण त्याच्या प्रश्नाचे ते उत्तर नव्हते. बागेत मूल आजोबांशी खेळायला येत नाही, दुसऱ्या मुलांशी खेळायला येते. त्याच पैशात टोपलीसारखा गोल, जाळीचा मोठा झोपाळा आला असता. त्यात चार मुले आडवी पडतात. खुर्चीतून उचलून ठेवलेले मूल त्यात वेगळे दिसतही नाही. जमिनीशी सपाट बसवलेली चकरीही मिळते. तिच्यावर खुर्ची सरळ जाते आणि पळणारी मुलेही उडी मारून चढतात. पण या वस्तू फोटोत 'दिव्यांगांसाठी' अशा दिसत नाहीत. खरेदी करताना तो विचार होत असावा, असा मला संशय आहे.

मी तीस वर्षे बांधकामावर सुपरवायझर होतो, त्यामुळे खिशात टेप असतो आणि वाईट सवयही. बागेच्या दारात दुचाकी शिरू नयेत म्हणून खांब रोवले आहेत. मधले अंतर मी मोजले : २६ इंच. नातवाची खुर्ची २५ इंच. जाते, पण चाकाला धरलेल्या बोटांची सालपटे निघतात. दार ९०० मिलिमीटर मोकळे असावे, म्हणजे साधारण तीन फूट, हा आकडा इमारतीचा नकाशा काढणाऱ्या कोणालाही पाठ असतो. बागेच्या फाटकाशी येऊन तो विसरला जातो. दुचाक्या मात्र मागच्या पडक्या भिंतीतून सुखाने येतात.

पुढे रॅम्प. हिशेब सोपा आहे : एकास बारा. सहा इंच चढायचे तर सहा फूट लांबी, दीड फूट चढायचे तर अठरा फूट. इथे दीड फुटाच्या चौथऱ्याला आठ फुटांचा रॅम्प आहे. जागा नव्हती म्हणतात. शेजारी कारंज्याला मात्र होती. पण आम्ही पडलो ते या चढावर नाही. रॅम्प संपतो तिथले पेव्हर ब्लॉक पावसाळ्यात खचले आणि दीड इंचाची कड उघडी पडली. व्हीलचेअरची पुढची चाके लहान असतात, ती अशा कडेला अडतात आणि खुर्चीतले मूल पुढे फेकले जाते. मागून ढकलणाऱ्याला कड दिसत नाही. खुर्ची उलटी फिरवून मोठी चाके आधी घालायची, हे मला नातवाची हनुवटी फुटल्यावर कळले. ब्लॉक उचलायचे, खाली रेती भरायची, पुन्हा बसवायचे : गवंड्याचे अर्ध्या तासाचे काम. आठ महिने झाले.

पत्र लिहिण्याचे कारण हेच. बाग सर्वांसाठी आहे की नाही हे उद्घाटनाच्या दिवशी ठरत नाही, देखभालीच्या वहीत ठरते. घरापासून झोपाळ्यापर्यंतच्या वाटेत एक कडी तुटली की पुढच्या सगळ्या कड्या असून नसल्यासारख्या. चांगल्या पायाच्या माणसाला तीच कड ओलांडताना जाणवतही नाही, म्हणून तक्रारही येत नाही. अपंगांसाठीच्या स्वच्छतागृहात खताची पोती आणि पाण्याची नळी ठेवलेली मी पाहिली आहे. विचारले तर उत्तर मिळाले, "इथं कोणी येतच नाही." कसे येणार?

खेळाच्या जागेची जमीन हा तर खास डोकेदुखीचा विषय. पडल्यावर लागू नये म्हणून वाळू घालावी, तर चाक रुतते. रबराच्या लाद्या दोन्ही गरजा भागवतात, पण उन्हात तापतात आणि कोपरे उचकटले की त्यांचीच ठेच लागते. म्हणून वर सावली हवी आणि सांधे नेमाने पाहणारा माणूस हवा. यातले काहीच न परवडणाऱ्याने निदान एक पक्की वाट खेळण्यापर्यंत न्यावी आणि वाळूचा एक हौद टेबलाच्या उंचीवर बांधावा.

आणि प्रश्न एकट्या व्हीलचेअरचा नाही. आमच्या सौभाग्यवतींना गुडघ्यांमुळे हात नसलेल्या बाकावरून उठता येत नाही. गोंगाटाने बिथरणाऱ्या स्वमग्न मुलाला एक शांत कोपरा लागतो आणि त्याच्या आईला, मूल रस्त्यावर पळणार नाही असे कुंपण. मुलींचे तर कोणी मोजतही नाही. व्हिएन्ना शहराने १९९०च्या दशकात मोजले, तेव्हा साधारण नऊ-दहा वर्षांनंतर मुली बागेतून दिसेनाशा होतात असे आढळले. मग तिथल्या दोन बागा नव्याने आखल्या. चेंडूच्या मैदानाच्या जाळीला एकाऐवजी अनेक दारे ठेवली आणि एका मोठ्या जागेचे लहान भाग केले, म्हणजे एकाच टोळक्याला सगळे बळकावता येऊ नये. मुली परतल्या. एका दाराशी चार मुलगे उभे असले की मुलगी आत जात नाही, हे कळायला खरे तर बागेत अर्धा तास बसणे पुरते.

खेळणे हा मुलांचा हक्क असल्याचे संयुक्त राष्ट्रांच्या १९८९च्या बालहक्क करारात कलम ३१ मध्ये आहे. २००६च्या अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या कराराने कलम ३० मध्ये तोच हक्क अपंग मुलांसाठी 'इतर मुलांच्या बरोबरीने' असा स्पष्ट लिहिला. कागद भरपूर झाले.

माझी सूचना बांधकामवाल्याची आहे. काम पुरे झाल्यावर ठेकेदाराची काही रक्कम ठरावीक मुदतीपर्यंत अडकवून ठेवतात, त्या मुदतीला डिफेक्ट लायबिलिटी पिरियड म्हणतात. बागेच्या बाबतीत ही रक्कम सोडण्यापूर्वी एक फेरी सक्तीची करावी. व्हीलचेअर वापरणारा एक, पांढरी काठी वापरणारा एक आणि बाबागाडी ढकलणारी एक आई, अशा तिघांनी फाटकापासून स्वच्छतागृहापर्यंत आणि खेळापर्यंत विनामदत जाऊन दाखवायचे. जिथे अडतील तिथे खडूने खूण करायची, खुणा मिटेपर्यंत बिल थांबवायचे. मुदत संपली की हीच फेरी दर तीन महिन्यांनी माळ्यासोबत काढायची, आणि दुरुस्तीची रक्कम बाग बांधण्याच्या अंदाजपत्रकातच आधी लिहायची. चाव्यांचा प्रश्न त्याआधी सोडवता येईल : कुलूप लागेल अशी वस्तूच घेऊ नये.

हल्ली आम्ही जरा लांबच्या एका जुन्या बागेत जातो. तिथे समावेशक वगैरे पाटी नाही, पण टोपलीचा झोपाळा आहे. गेल्या आठवड्यात त्यात नातू आणि तीन अनोळखी मुले एकमेकांच्या अंगावर पडली होती आणि बाहेरची दोघे आपली पाळी कधी म्हणून भांडत होती. कड्या फार कुरकुरतात. तेल मीच नेऊन घातले असते, पण वरच्या कडीला हात पोचत नाही.

आपला,
एक वाचक आजोबा