गळा नसणाऱ्यांनाही संगीताचा इतिहास शिकू द्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

विद्यापीठांचे प्रवेश सुरू झाले की संगीत विभागांच्या जाहिराती वाचायला मिळतात. गायन, तबला, सतार, हार्मोनियम, सुगम संगीत... यादी मोठी असते. संगीतशास्त्र मात्र बहुतेक ठिकाणी स्वतंत्र विषय म्हणून नसतेच. ते 'थिअरीचे पेपर' म्हणून या साऱ्यांना जोडलेले असते. गायन-वादनाची प्रवेश चाचणी दिल्याशिवाय तिथे पाऊल ठेवता येत नाही. इतिहासात, संस्कृतात किंवा भौतिकशास्त्रात पदवी घेतलेल्या, संगीताचा चांगला कान असलेल्या पण गात नसलेल्या मुलामुलींनी जायचे कुठे?

मी मिरजेत गाणे शिकवते. एम.ए.ला बसणाऱ्या माझ्या विद्यार्थिनींची शास्त्राची तयारी मी बघते, तेव्हा वाईट वाटते. 'भातखंडे व पलुस्कर स्वरलिपींची तुलना करा', 'थाट आणि राग यांतील फरक सांगा' हे प्रश्न ठरलेले आणि उत्तरेही ठरलेली, तीही बऱ्याचदा हिंदी गाइडमधून उतरवलेली. वास्तविक पं. भातखंड्यांनी आपला हिंदुस्थानी संगीतपद्धतीचा मोठा ग्रंथ मराठीत लिहिला. पहिला भाग 1910 सालचा. मांडणी गुरू-शिष्यांच्या संवादाची. शिष्य शंका काढतो, हटकतो, पुरावा मागतो. पेशाने वकील असलेला हा माणूस 1904 साली दक्षिणेत गेला आणि जुन्या पोथ्यांचा शोध घेत तिथल्या विद्वानांना भेटत फिरला. त्यांचे थाट, म्हणजे रागांची वर्गवारी करण्यासाठी घेतलेले मूळ स्वरसमूह, आमची मुले घडाघडा म्हणतात, पण थाट दहाच का, हे त्यांना कुणी विचारत नाही.

आमच्या सांगलीचेच उदाहरण घ्या. निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी बावीस श्रुतींची, म्हणजे सप्तकातल्या सूक्ष्म स्वरांची, गणिती मोजणी केली. त्यासाठी गायक अब्दुल करीम खाँसाहेबांचा गळा त्यांच्या मदतीला होता. 1910 मध्ये देवलांनी इंग्रजीत पुस्तिका काढली. क्लेमंट्स नावाचे इंग्रज अधिकारी त्यांच्यासोबत आले, श्रुतींची हार्मोनियम तयार झाली आणि 1916 च्या बडोद्याच्या पहिल्या अखिल भारतीय संगीत परिषदेत हा विषय गाजला. भातखंड्यांना देवलांची ही मोजणी मान्य नव्हती. या एका वादात किती गोष्टी आहेत! ध्वनीचे भौतिकशास्त्र आहे, भरत आणि शारंगदेव यांच्या जुन्या संस्कृत संगीतग्रंथांचा अर्थ लावणे आहे, गवयाच्या कानावर किती विसंबायचे हा प्रश्न आहे आणि साहेबाच्या मोजपट्टीने आपले संगीत 'शास्त्रीय' ठरवण्याची त्या काळातली धडपडही आहे. एका विद्यार्थ्याला दोन वर्षे पुरेल एवढे हे काम आहे. अभ्यासक्रमात ते 'श्रुती : टीप लिहा' एवढ्यावर आटोपते.

तबकड्यांचेही तसेच. खाँसाहेबांची 1905 च्या सुमाराची आणि 1930 च्या दशकातली ध्वनिमुद्रणे आज घरबसल्या ऐकता येतात. तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन-साडेतीन मिनिटे मावत. त्यामुळे तिच्यावरून त्यांच्या मैफलीतल्या विलंबित ख्यालाविषयी काय म्हणता येईल आणि काय म्हणता येणार नाही, हे शिकवावे लागते. गोमंतकातल्या, पिढ्यान्‌पिढ्या गाण्या-नाचण्यावर जगणाऱ्या कलावंत समाजातून आलेल्या केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर या गायिकांची नावे घराण्याच्या तक्त्यात येतात. त्यांना तालीम मिळवायला काय काय सोसावे लागले, तो समाज कसा बदलत गेला, याबद्दल पेपरात अवाक्षर नसते. मला हे फार खटकते. लावणी, कीर्तन, नाट्यपदे यांच्या वाट्याला तर एखादा परिच्छेद येतो. संगीताचे अभ्यासक डॉ. अशोक दा. रानडे यांनी मुंबई विद्यापीठाच्या संगीत केंद्रात असताना आणि नंतरही ही सारी क्षेत्रे गंभीर अभ्यासाच्या कक्षेत आणली. ती वाट रुंद व्हायला हवी होती.

म्हणून विद्यापीठांना विनंती आहे, की संगीतशास्त्राची स्वतंत्र पदव्युत्तर पदवी सुरू करा आणि तिच्या प्रवेशासाठी गायन-वादनाची अट ठेवू नका. राग-ताल ओळखण्याची श्रवणचाचणी अवश्य घ्या. मोडी आणि थोडे संस्कृत शिकवा. तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात आपल्याच भाषेतली मोडी कागदपत्रे वाचणाऱ्यांची वाट पाहत आहेत. शारंगदेवांचा संगीतरत्नाकर हा ग्रंथ ज्या देवगिरीला, यादव राजा सिंघणाच्या आश्रयाने लिहिला गेला, ती महाराष्ट्रातच आहे; त्यातला निदान एक अध्याय तरी मुळातून वाचून घ्या.

'याने नोकरी मिळते का' असे पालक विचारतील, आणि ते विचारणारच. आकाशवाणीचे जुने संग्रह, ग्रंथालये, संग्रहालये आणि खासगी संग्राहकांच्या घरातल्या तबकड्या यांची नोंद करणे, त्या सांभाळणे आणि संगणकावर आणणे हे काम जाणत्या माणसांशिवाय अडते. निदान आपल्या जिल्ह्यातले असे संग्रह नोंदवण्याचा प्रकल्प पदवीच्या विद्यार्थ्यांकडे सोपवावा. मिरजेतल्या सतार-तंबोरा बनवणाऱ्या कारागिरांपासून सुरुवात करता येईल. त्यांच्या आजोबांच्या काळची मापे आणि हिशेबाच्या वह्या आजच उतरवून घेतल्या पाहिजेत.

— एक वाचक, मिरज