साठी बुद्धी नाठी?

महोदय,

आई माणसे विसरू लागली तेव्हा आमच्या गल्लीने 'म्हातारचळ' म्हणून सोडून दिले. विज्ञान शिकवणारी मीही दोन वर्षे तेच मानत होते! पण अशा विसरण्यामागे अल्झायमर हा मेंदूचा आजार असू शकतो. त्यात मेंदूतली काही प्रथिने चुकीची घडी घेऊन साचतात. पेशींबाहेर अमायलॉइडचे थर, आत टाऊचे गुंते. ताण्याचा धागा तुटला की विणकर माग थांबवून गाठ मारतो. पेशीतही अशी दुरुस्ती चालते. बिघडलेली घडी सरळ केली जाते, नाहीतर ते प्रथिन मोडीत निघते. वयानुसार हे काम मंदावते.

प्रथिन म्हणजे एक लांब साखळी. घडी घेताना तिला कोणते कोन शक्य आहेत, हे मद्रासमध्ये जी. एन. रामचंद्रन व सहकाऱ्यांनी १९६३ मध्ये दाखवले. २०२४च्या रसायनशास्त्राच्या नोबेलचा निम्मा वाटा संगणकाने घडी ओळखणाऱ्यांना मिळाला. आपल्याकडे मात्र प्रथिन म्हणजे अजून डाळ आणि अंडी.

आमच्या सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत रक्तदाब तपासतात तशी स्मरणशक्तीही तपासावी. प्राथमिक चाचणीला कागद-पेन्सिल पुरते. घड्याळाचे चित्र काढायला सांगतात. आईच्या घड्याळात सगळे आकडे एकाच बाजूला होते.

– एक निवृत्त शिक्षिका, सोलापूर