ताट की पाट

ती. बाबा आणि ती. सौ. आईस,
सा. न.

फोनवर तुम्हाला माझं निम्मंच पोचतं आणि उरलेलं आई ओरडून सांगते, म्हणून लिहितेय.

बाबा, "वरच्या मजल्यावरचे काका महिन्याभरात फोनवर बोलायला लागले, माझे दोन महिने झाले," हे तुम्ही आता तिसऱ्यांदा म्हणालात. काकांचं ऐकणं अचानक गेलं आणि वर्षाच्या आत त्यांचं कॉक्लिअर इम्प्लांटचं, म्हणजे आवाज विजेने थेट कानाच्या नसेला पोचवणारं यंत्र बसवायचं, ऑपरेशन झालं. तुमचा उजवा कान आठ वर्षं गप्प होता. कान जितका जास्त काळ बंद, तितकं नंतर बोलणं समजायला जड जातं. (तेव्हाच माझं ऐकलं असतंत तर, असं लिहिलं होतं; खोडलं.) वय मात्र तेवढं आड येत नाही, त्यामुळे बहात्तरीची सबब चालणार नाही. आणि साठ-बासष्ट वर्षं मराठी ऐकून मग तुमचे कान गेले. भाषा डोक्यात शाबूत आहे, हे फार मोठं भांडवल आहे.

ताट म्हटलं की पाट ऐकू येतं, याचं नवल नको. कानाच्या शंखात आवाज टिपणाऱ्या मुख्य पेशी साडेतीन हजारांच्या आसपास असतात. त्यांचं काम तुमच्या इम्प्लांटचे 22 इलेक्ट्रोड, म्हणजे शंखात बसवलेल्या तारेवरची विजेची बारीक टोकं, करताहेत. प, त, क यांतला फरक बारीक, तो आधी निसटतो. भजनात ठेका कळतो आणि पेटी भांडी आपटल्यासारखी वाटते, तेही यामुळेच. पेटीची आशा मी दाखवत नाही. बोलण्याची दाखवते.

पण चोरी पकडलीय तुमची. मागच्या मॅपिंगला, म्हणजे मशीन तुमच्या कानाला जुळवून घ्यायला गेलो तेव्हा, ऑडिओलॉजिस्टबाईंनी कॉम्प्युटर माझ्याकडे वळवला. इम्प्लांटचं बाहेरचं मशीन रोज किती तास लावलं, हे ते मशीनच नोंदवून ठेवतं! सरासरी चार तास. म्हणजे जेवण आणि टीव्हीवरच्या बातम्या. बाबा, नव्या आवाजाचा अर्थ मेंदू हळूहळू लावतो, सहा महिने, कधी वर्षभर. पण आवाज आत गेला तर ना? दात घासून झाले की लावा, झोपताना काढा.

डाव्या कानाचं जुनं श्रवणयंत्रही ड्रॉवरमधून बाहेर येऊ दे. त्या कानात खर्जातलं थोडं उरलंय. दोन्ही मिळून वाक्याचा चढउतार, बोलणारी बाई की पुरुष, हे सोपं जाईल.

आई, तू स्वयंपाकघरातून हाका मारू नकोस, कुकर-मिक्सर चालू असताना तर नाहीच. समोर ये आणि नेहमीच्या आवाजात बोल. ओरडलं की ओठांची ठेवणही बिघडते. दुपारी पेपरातली एक बातमी मोठ्याने वाच, बाबांनी ओळीवर बोट फिरवायचं. पंधरा दिवसांनी पेपर लपव. फक्त निधनवार्ता नकोत, त्या तुम्हा दोघांना आधीच पाठ असतात.

शुक्रवारी रात्री येतेय. बेल दोनदा वाजवीन. आई, तू उठायचं नाहीस.

तुमची,
मनू