आल्प्सच्या खाणींतील ओपल हा क्वार्ट्झ नव्हे

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीत आल्प्स पर्वतातील जुन्या धातूखाणींवर आलेला लेख मी मोठ्या उत्सुकतेने वाचला. या विषयावर मराठीत फारसे कोणी लिहीत नाही, म्हणून लेखकाचे आभारच मानायला हवेत. मात्र ओपलविषयीच्या परिच्छेदात दोन विधाने चुकीची आहेत आणि ती तशीच राहिली, तर या खनिजाचे खरे महत्त्व वाचकांच्या लक्षात येणार नाही. ओपल हा क्वार्ट्झचाच एक स्फटिकरूप प्रकार आहे, हे पहिले विधान. आणि आल्प्समध्ये तो धातुकाबरोबरच, म्हणजे ज्यातून धातू काढतात त्या खनिजाबरोबरच, भूगर्भातील प्रखर उष्णतेत तयार झाला, हे दुसरे.

क्वार्ट्झ आणि ओपल ही दोन्ही सिलिकाचीच, म्हणजे सिलिकॉन व ऑक्सिजनच्या संयुगाचीच रूपे आहेत, हे खरे. पण क्वार्ट्झमधील अणूंना जी काटेकोर, पुन्हापुन्हा येणारी मांडणी असते, ती ओपलमध्ये नसते. शिवाय ओपलमध्ये पाणी अडकलेले असते आणि ते वजनाच्या साधारण ३ ते १० टक्के भरते. रत्न म्हणून विकल्या जाणाऱ्या ओपलमध्ये सिलिकाचे सूक्ष्म गोळे एकसारख्या आकाराचे आणि नीट रचलेले असतात, त्यामुळे त्यातून रंग खेळतात. ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी १९६४ साली इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या साह्याने हे दाखवून दिले. आल्प्सच्या धातुकसाठ्यांत सापडतो तो बहुतांशी साधा ओपल. तो दुधी, पिवळट, तपकिरी किंवा काचेसारखा रंगहीन असतो. त्याला बाजारात किंमत नाही, आणि बहुधा म्हणूनच त्याच्याकडे कोणी नीट पाहत नाही.

दुसरी चूक अधिक गंभीर आहे. ओपल हे टिकाऊ खनिज नाही. उष्णता मिळाली आणि काळ लोटला की त्यातील पाणी निघून जाते, आतली रचना हळूहळू सुधारत जाते आणि शेवटी त्याचे कॅल्सेडोनी (अतिसूक्ष्म स्फटिकांचा क्वार्ट्झ) किंवा नेहमीचा क्वार्ट्झ होतो. मध्य आल्प्समधील ताउएर्न पर्वतरांगेचे खडक सुमारे तीन कोटी वर्षांपूर्वी खोलवर गाडले गेले होते आणि त्यांच्या गाभ्याने ५०० अंश सेल्सियसहून अधिक तापमान सोसले आहे. त्या भट्टीतून ओपल ओपल म्हणून बाहेर पडणे शक्यच नव्हते. तेव्हा अशा खडकांत आज ओपल दिसत असेल, तर तो पर्वत वर उचलला गेल्यावर, खडक थंड झाल्यावर आणि पावसाचे किंवा कोमट झऱ्यांचे पाणी भेगांतून फिरू लागल्यावर तयार झालेला असला पाहिजे. धातुक आणि ओपल एकाच दगडात शेजारी शेजारी दिसले, तरी त्यांच्या वयात कोट्यवधी वर्षांचे अंतर असू शकते.

मग ही सिलिका आली कुठून? पायराइटसारख्या सल्फाइड (गंधकयुक्त) खनिजांना हवा-पाणी लागले की सल्फ्युरिक आम्ल तयार होते, ते भोवतालच्या खडकातील फेल्डस्पार, अभ्रक कुरतडते आणि सिलिका पाण्यात सुटी होते. साधारण तापमानाच्या एक लिटर पाण्यात क्वार्ट्झ जेमतेम काही मिलिग्रॅम विरघळतो, पण स्फटिकरूप नसलेली सिलिका सुमारे १०० मिलिग्रॅम विरघळून राहू शकते. क्वार्ट्झची वाढ इतकी संथ असते, की तो तयार होण्याआधीच पाणी आटते आणि ही सगळी सिलिका ओपलच्या रूपाने भेगेत बसते. ऑस्ट्रियातील स्टायरिया प्रांतात क्राउबाट येथील सर्पेंटिनाइट या मॅग्नेशियमयुक्त खडकात परिणाम जवळजवळ तोच, पण रसायन वेगळे आहे. तिथे कार्बन डायऑक्साइडयुक्त पाणी खडकातील मॅग्नेशियम ओढून मॅग्नेसाइट बनवते आणि मोकळी झालेली सिलिका ओपल होऊन मागे राहते.

ऑस्ट्रियाच्याच कॅरिंथिया प्रांतातील ह्यूटेनबेर्ग या लोहखाणीचा उल्लेख लेखात यायला हवा होता, असे मला मनापासून वाटते. रोमन काळात नोरिकम या आल्प्समधील प्रांताचे पोलाद नावाजलेले होते, त्याचे लोखंड याच भागातले. आणि खाण बंद झाली ती १९७८ साली. तिथल्या संगमरवरात लोहयुक्त सिडेराइट आहे. तो वरच्या थरांत गंजून तपकिरी लिमोनाइट झाला आणि त्याच्या पोकळ्यांत कॅल्सेडोनी व ओपल साचले. तिथला कॅचोलाँग, म्हणजे चिनी मातीच्या भांड्यासारखा पांढराशुभ्र ओपल, संग्राहकांमध्ये प्रसिद्ध आहे. एका संग्रहात मला त्याचा तुकडा हाताळायला मिळाला होता. गंजाच्या रंगाच्या खडबडीत धातुकावर नखाएवढ्या जाडीची पांढरी साय धरावी, तसा तो दिसत होता. जुन्या रीतीप्रमाणे त्याची कड जिभेला लावली, तर ती चिकटून बसली, इतका तो सच्छिद्र होता. त्याच्या चिठ्ठीवर मात्र नुसते ‘क्वार्ट्झ’ लिहिलेले होते.

ऑस्ट्रियातील बाड गास्टाइन गावाजवळच्या राडहाउसबेर्ग डोंगराची गोष्टही इथे सांगायला हवी. सोन्याच्या शोधात १९४० साली तिथे बोगदा खणायला सुरुवात झाली. सोने काही लाभले नाही. हाती लागली ती ऊब आणि रेडॉन हा किरणोत्सारी वायू, आणि पुढे त्याच बोगद्यात उपचारकेंद्र सुरू झाले. तिथल्या भेगांत हायालाइट या काचेसारख्या ओपलचे पातळ थर आढळले. साध्या उजेडात ते दगडावर सुकलेल्या पाण्याच्या थेंबांसारखे वाटतात, सहज नजरेतून सुटतात. अतिनील दिवा धरला की तेच थेंब झगझगीत हिरवे होतात, कारण पाण्याबरोबर आलेले युरेनियम अत्यल्प प्रमाणात त्यांत अडकलेले असते. खडकातून युरेनियम कसे हलले, याचा इतका उघड पुरावा फार थोड्या खनिजांत मिळतो.

लेखकाने आल्प्सच्या धातुकांची माहिती मेहनतीने गोळा केली आहे, यात शंका नाही. पुढील अंकात ओपलविषयीची ही दोन विधाने दुरुस्त करून छापावीत आणि लेखासोबतच्या छायाचित्राखाली ‘क्वार्ट्झ’ऐवजी ‘साधा ओपल, धातुकानंतर तयार झालेला’ असे लिहावे, अशी माझी आपणांस विनंती आहे.

आपला नम्र,
भूशास्त्राचा एक निवृत्त शिक्षक