मंत्रीमहोदय, माझा आरसा फुटला : एक खुले पत्र

मा. मंत्रीमहोदय,
स. न. वि. वि.

गेल्या मंगळवारी सकाळी अकराच्या सुमारास पाच माणसं गॅस कटर घेऊन आमच्या सोसायटीच्या गच्चीवर आली आणि चाळीस मिनिटांत माझी वेधशाळा कापून गेली. वेधशाळा म्हणजे आठ बाय सहा फुटांची पत्र्याची शेड. छप्पर चाकांवर. रात्री मागे ढकललं की डोक्यावर आकाश, पहाटे ओढून घेतलं की दुर्बीण कुलपात.

तुम्हाला ही दुर्बीण आठवत असेल. डिसेंबरात आमच्या भागातल्या विज्ञान प्रदर्शनात तुम्ही तिच्यातून चंद्रावरची विवरं पाहिलीत. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणालात, "काका, अर्ज द्या, परवानगीचं मी बघतो." दुसऱ्याच दिवशी अर्ज दिला. मग जानेवारीत एक, मार्चमध्ये एक. तिन्ही पोचपावत्या माझ्याकडे आहेत. उत्तर एकाचंही आलं नाही. आली ती नोटीस.

मी चाळीस वर्षं फिटरचं काम केलं. निवृत्तीनंतर दुर्बिणीचा सहा इंची आरसा स्वतःच्या हातांनी घासला. काचेवर काच, मध्ये कार्बोरंडमची, म्हणजे काच घासणारी कडक पूड आणि पाणी, असे चार महिने. शेवटी शेवटी मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाचा हिशेब असतो. शेडचे अँगल कुर्ल्याच्या भंगारातून आणले, चाकं नागदेवी स्ट्रीटवरून. फायबरचा तयार घुमट परवडणारा नव्हताच. माझं सगळं अडतीस हजारांत झालं, त्यातही निम्मा खर्च दुर्बिणीचा. दुर्बिणीचा खांब म्हणजे जाड लोखंडी पाइप, आत कोरडी वाळू भरलेली, म्हणजे कंप तिथेच मरतो. खाली रबराचे तुकडे. स्लॅबला एकही भोक पाडलेलं नाही. सोसायटीच्या सर्वसाधारण सभेचा ठराव आहे.

"रोज दुर्बीण वर नेऊन खाली आणा, शेड कशाला?" असं तुमच्या अधिकाऱ्यांनी मला विचारलं. वीस किलोचं धूड घेऊन या वयात पाच जिने चढायचे. वर नेल्यावर आरसा बाहेरच्या हवेइतका थंड होईपर्यंत चित्र थरथरत राहतं. तोवर तास जातो आणि पोरं झोपायला जातात. शेड झाल्यापासून आमच्या आणि शेजारच्या दोन इमारतींतली मुलं दर शनिवारी येत. तिसऱ्या मजल्यावरची एक मुलगी गुरूचे चार चंद्र रोज वहीत मांडायची. चौथा कुठे गेला म्हणून एकदा रडवेली झाली, मग तो गुरूच्या मागे गेलाय हे तिनेच शोधून काढलं.

शेड कापताना छपराचा पत्रा थेट दुर्बिणीच्या नळीवर कोसळला. आरसा मी जुन्या धोतरात गुंडाळून घरी आणला. कडेला बोटभर कपचा उडालाय आणि तडा मध्यापर्यंत गेलाय. अंगठा फिरवला की नखाला लागतो. तीन रात्री मला झोप नाही.

नोटिशीत लिहिलंय, अनधिकृत बांधकाम. या शहरात 40 बाय 40 फुटांची मर्यादा असताना घाटकोपरला 120 बाय 120 चं होर्डिंग उभं होतं. 13 मे 2024 ला ते पडलं आणि 17 माणसं गेली. ते कुणाला दिसलं नाही, माझा पत्रा दिसला! आमच्या उत्तरेला टॉवर झाला, सगळ्या परवानग्यांसकट. मुंबईत ध्रुवतारा क्षितिजापासून जेमतेम 19 अंश वर असतो. तो त्या टॉवरमागे कायमचा गेला. त्याची परवानगी आम्हाला कुणी विचारली होती?

कुलाब्याची वेधशाळा 1826 ची. विजेच्या ट्राममुळे तिथल्या चुंबकसुईच्या नोंदी बिघडतील म्हणून ते काम 1904 मध्ये अलिबागला हलवलं गेलं. परक्या सरकारला एका सुईची काळजी होती. आज आपल्याच राज्यातल्या पेंचला देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क, म्हणजे रात्रीचा अंधार जपलेलं वन, असल्याचा अभिमान आपण मिरवतो आणि मुंबईतल्या पोरांना आकाश बघायला शहराबाहेरची वांगणी गाठावी लागते. शंभर कोटींची केंद्रं मी मागत नाही.

चार महिन्यांच्या पावसाळी शेडला परवानगी मिळते. त्याच धर्तीवर गच्चीवरच्या सरकत्या छपराच्या छोट्या वेधशाळेला, सोसायटीचा ठराव असेल तर, परवानगी मिळावी. एवढी एक ओळ नियमात घाला. आणि आमच्या मैदानातल्या हायमास्टच्या, म्हणजे उंच खांबावरच्या दिव्यांना टोप्या बसवा. उजेड खाली पडू दे, आमच्या डोळ्यांत नको.

नवी काच मी कालच आणली. घासायला चार महिने लागतील, म्हणजे पाऊस संपेल तेव्हा आरसा तयार असेल. चाकं आणि रूळ जिन्याखाली ठेवलेत. चौथा अर्ज सोबत जोडला आहे.

आपला,
गच्चीवरचा एक निवृत्त फिटर, मुंबई