‘कारण काहीही असो’ हे शब्द नियमावलीतून वगळावेत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शाळांमधील बेशिस्तीवर ‘झिरो टॉलरन्स’, म्हणजे कारण न पाहता प्रत्येक नियमभंगाला ठरलेली शिक्षा, हाच खरा उपाय आहे, असे मत आपल्या पत्रव्यवहाराच्या सदरात गेले काही आठवडे आग्रहाने मांडले जात आहे. आयुष्याचा मोठा भाग शिकवण्यात आणि त्यातली बरीच वर्षे शाळेच्या शिस्त समितीवर घालवलेली निवृत्त शिक्षिका या नात्याने मला या मताचा प्रतिवाद करायचा आहे. नियम कडक असण्याला माझी हरकत नाही; भरलेला वर्ग एकदा तरी सांभाळलेल्या कोणाचीही ती नसेल. मुलाने अमुक गोष्ट का केली हे विचारायचेच नाही, असे जेव्हा नियम स्वतःच बजावू लागतो, तेव्हा मात्र माझी हरकत सुरू होते.

‘झिरो टॉलरन्स’ हा शब्दप्रयोग शाळेत जन्मलेला नाही. अमेरिकेत १९८०च्या दशकात अमली पदार्थांविरुद्धच्या मोहिमेत तो रुळला आणि तिथून शाळांच्या नियमावल्यांत शिरला. १९९४च्या ‘गन-फ्री स्कूल्स ॲक्ट’नुसार संघराज्याचा शिक्षणनिधी हवा असलेल्या राज्यांना, शाळेत बंदूक आणणाऱ्या विद्यार्थ्याला किमान एक वर्ष काढून टाकण्याचा कायदा करावा लागला. बंदुकीच्या बाबतीत एवढी कठोरता मला तरी गैर वाटत नाही. त्याच कायद्याने प्रत्येक प्रकरण तपासून ही शिक्षा बदलण्याची मुभा स्थानिक शिक्षणयंत्रणेच्या प्रमुखाला दिली होती. अनेक शाळांनी कायद्यातली कठोरता तेवढी उचलली, मुभा तिथेच सोडली, आणि बंदुकीसाठी केलेला नियम हळूहळू चाकू, खेळणी, डोकेदुखीच्या गोळ्या, एवढेच काय पण उद्धट उत्तर यांनाही लागू होऊ लागला.

त्यातून काय घडले हे पाहण्यासारखे आहे. २००९ मध्ये डेलावेअर राज्यात सहा वर्षांच्या एका मुलाने बालवीर पथकात मिळालेले, चमचा-काटा-सुरी एकत्र असलेले साधन डबा खायला म्हणून शाळेत आणले. सुरी म्हणजे शस्त्र, या न्यायाने त्याला वाया गेलेल्या मुलांच्या शाळेत पंचेचाळीस दिवसांसाठी धाडण्याचे ठरले. देशभर टीका झाल्यावर तिथल्या शिक्षण मंडळाला नियम बदलावा लागला. ॲरिझोनातील सॅफर्ड इथे तर वेदनाशामक गोळ्या लपवल्याच्या संशयावरून तेरा वर्षांच्या मुलीला अंतर्वस्त्रांपर्यंत झडती द्यावी लागली. सापडले काहीच नाही. ती झडती घटनाबाह्य होती, असा निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये दिला. झडती घेणारी माणसे क्रूर असतील असे मला वाटत नाही. नियम पाळल्याचे समाधान माणसाला कुठवर नेऊ शकते, हे मी स्वतःवरून जाणते.

आमच्या शाळेच्या नियमावलीत ‘धारदार वस्तू जवळ आढळल्यास, कारण काहीही असो, दोन आठवडे निलंबन’ असे कलम होते. हस्तकलेच्या शिक्षकांनी पुठ्ठा कापण्यासाठी कटर आणायला सांगितले म्हणून सातवीतल्या एका मुलाने तो आणला, आणि नेमक्या त्याच दिवशी दप्तरांची तपासणी झाली. ते शिक्षक रजेवर होते. त्यांना एक फोन केला असता तर पाच मिनिटांत उलगडा झाला असता, परंतु कारण विचारात घ्यायचेच नसल्यामुळे फोन करण्याचेही कारण उरले नव्हते. निलंबनाच्या कागदावर इतर दोघांबरोबर माझीही सही आहे.

मुलगा दोन आठवड्यांनी परत आला, अभ्यासही भरून निघाला. मोजावी लागलेली खरी किंमत मला पुढच्या वर्षी कळली. प्रयोगशाळेच्या मागे ब्लेडचा तुकडा कितीतरी दिवस पडून होता आणि तो जवळजवळ सगळ्या वर्गाला माहीत होता. उचलून शिक्षकांकडे का दिला नाही, असे विचारल्यावर एक मुलगी सहज म्हणाली, “बाई, हातात सापडला असता तर नाव माझंच आलं असतं ना.” मला उत्तर सुचले नाही. सुरक्षिततेसाठी केलेल्या नियमाने, धोका दिसला तर सांगू नये, हा धडा मुलांना दिला होता. मारामारीच्या बाबतीतही हेच होते: मारणारा आणि मार चुकवताना हात उचलणारा या दोघांना सारखीच शिक्षा होणार असेल, तर मार खाणारे मूल तक्रार करायला येतच नाही.

या धोरणाच्या समर्थकांचा एक मुद्दा मात्र वजनदार आहे, आणि त्याला बगल देणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. शिक्षकांच्या हाती निवड दिली की वशिला येतो, प्रतिष्ठितांचे मूल समज देऊन सुटते आणि गरिबाच्या हातात दाखला पडतो, असे ते म्हणतात. हे मी घडताना पाहिलेले आहे. टेक्सासमधील जवळपास दहा लाख विद्यार्थ्यांच्या नोंदी तपासणारा एक अहवाल २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. सातवी ते बारावीच्या काळात सुमारे साठ टक्के मुलांना एकदा तरी वर्गाबाहेर काढण्यात आले होते, पण अशा एकूण कारवाईत राज्याच्या कायद्याने सक्तीची केलेली जेमतेम तीन टक्के होती. बाकी सारी शाळांच्या मर्जीची, आणि तिचा भार कृष्णवर्णीय मुलांवर अधिक पडला होता. तेव्हा मर्जी धोकादायक आहे हे खरेच. परंतु ‘झिरो टॉलरन्स’ने ती संपत नाही. दप्तर कोणाचे तपासायचे, कोणते उत्तर उद्धट मानायचे आणि कोणाकडे काणाडोळा करायचा, हे माणूसच ठरवतो. फरक इतकाच की आता त्याला त्याची कारणे द्यावी लागत नाहीत. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या अभ्यासगटाने २००६ मध्ये उपलब्ध संशोधनाचा आढावा घेतला, तेव्हा या धोरणामुळे शिक्षा अधिक एकसारख्या झाल्याचे किंवा शाळा अधिक सुरक्षित झाल्याचे त्यांना दिसले नाही.

मर्जीवरचा उतारा जुनाच आहे. १९७५ साली ‘गॉस विरुद्ध लोपेझ’ या खटल्यात अमेरिकेच्या त्याच सर्वोच्च न्यायालयाने, दहा दिवसांपर्यंतच्या निलंबनापूर्वीसुद्धा विद्यार्थ्याला आरोप सांगून त्याची बाजू मांडू दिली पाहिजे, असे ठरवले होते. धोका तातडीचा असेल तर आधी बाहेर काढून मग ऐकावे, अशी सोयही ठेवली होती. शाळेतील शिस्त मुलाच्या मानवी प्रतिष्ठेला धरून असावी, हे संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क संहितेतही आहेच.

म्हणून शाळांच्या व्यवस्थापनांना माझी विनंती अगदी मर्यादित आहे. नियम ठेवावेत, शिक्षाही ठेवाव्यात. नखे-केस-मोजे यांच्यासाठी त्या कशाला हव्यात, हा वाद मी इथे घालत नाही. फक्त ‘कारण काहीही असो’ हे शब्द वगळावेत, आणि निलंबनाच्या कागदावर मुलाचे म्हणणे लिहिण्यासाठी एक रकाना व शिक्षेचे कारण लिहिण्यासाठी दुसरा रकाना ठेवून, ते दोन्ही भरल्याशिवाय कोणाचीही सही घेऊ नये. आम्ही सही केलेल्या त्या कागदावर कारणाच्या जागी फक्त कलमाचा क्रमांक होता.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका